दुष्कृत्याला लावायची इंग्रजी विशेषणं : कुठलं कुठे बसतं?

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. बँक, एमपीएससी, स्टाफ सिलेक्शन, सगळ्या वाटेची मुलं येतात. काही बार्शी-मोहोळकडून एसटीने, काही पूर्व भागातून नाहीतर विडी घरकुलातून सायकलवर.

शब्दसंग्रहाच्या गाइडांमध्ये एक पान ठरलेलं असतं. शेमफुल, डिसग्रेसफुल, इन्फमस, नोटोरियस, हेनस, नेफेरियस, डेस्पिकेबल, इग्रीजस, फ्लॅग्रंट, ॲट्रोशस. समोर मराठी अर्थ म्हणून 'निंद्य', 'दुष्ट', 'अत्यंत वाईट' आणि पुन्हा एकदा 'अत्यंत वाईट'. मुलं पान पाठ करतात आणि निबंधात हाताला लागेल तो शब्द टाकतात. परवा एका मुलीने 'माझी वस्ती' या विषयावर पहिलंच वाक्य लिहिलं, 'आय लिव्ह इन अ नोटोरियस लोकॅलिटी'. असं का लिहिलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाई, पेपरात आमच्या भागाचं नाव आलं की असंच काहीतरी असतं." व्याकरण चोख, शब्द जागच्या जागी. पण ज्या गल्लीत ही पोरगी लहानाची मोठी झाली, जिथे तिची आई विड्या वळते, त्या गल्लीची ओळख तिने दुसऱ्याने दिलेल्या शब्दाने करून द्यावी, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. हे शब्द म्हणजे 'वाईट'च्या चढत्या पायऱ्या नाहीत. काही कृत्याला लागतात, काही माणसाला, काही नावलौकिकाला, तर काही फक्त मनातल्या भावनेला. हे ठिकाण चुकलं की वाक्य तर बिघडतंच, पण कधीकधी माणसावर अन्यायही होतो.

लाजेपासून सुरुवात करते. 'अशेम्ड' म्हणजे ज्याला लाज वाटते आहे तो. हा शब्द सहसा नामाच्या आधी येत नाही. 'ही इज अशेम्ड' बरोबर, 'ॲन अशेम्ड मॅन' कानाला खटकतं. 'शेमफुल' हे कृत्याचं किंवा प्रसंगाचं विशेषण : लाजिरवाणं. 'शेमलेस' ज्याला लाजच नाही त्याचं : निर्लज्ज, कोडगा, निगरगट्ट. दिसायला 'फुल' आणि 'लेस' एकमेकांच्या उलट, पण दोन्ही निंदाच करतात. मुलं इथे हटकून गोंधळतात. मी त्यांना मराठीकडे बघायला सांगते. लाजिरवाणी गोष्ट निर्लज्ज माणूसच करतो की नाही? मग झालं.

'डिसग्रेसफुल'मध्ये चारचौघांतली प्रतिष्ठा आली. डॉक्टरने रुग्णाला तिष्ठत ठेवणं डिसग्रेसफुल, कारण त्या पदाला ते शोभत नाही. त्याच घरातला 'डिसग्रेस्ड' मात्र माणसाला लागतो : ज्याचं बिंग फुटलं, पद गेलं, पत गेली असा. 'डिसग्रेस्ड' म्हणजे दुष्ट नव्हे, उघडा पडलेला. आणि 'इग्नोमिनियस'मध्ये तर दुष्टपणा मुळीच नाही, नुसती मानहानी आहे. इग्नोमिनियस डिफीट म्हणजे नामुष्कीचा पराभव. हरलेला संघ प्रामाणिकपणे खेळलेला असू शकतो.

आता 'इन्फमस' आणि 'नोटोरियस'. आधी उच्चार : इन-फेमस नाही, इन्फमस, जोर पहिल्या अक्षरावर. 'फेमस'च्या उलट म्हणजे अप्रसिद्ध, असं पुष्कळ मुलांना वाटतं. इन्फमस माणूस प्रसिद्धच असतो, पण वाईट गोष्टीसाठी. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट अमेरिकी काँग्रेससमोर बोलले. भाषणाच्या पहिल्या मसुद्यात 'ही तारीख जगाच्या इतिहासात राहील' अशा अर्थाचे शब्द होते. त्यांनी पेन्सिलने 'वर्ल्ड हिस्टरी' खोडून तिथे 'इन्फमी' लिहिलं. एका शब्दाने नुसती नोंद होती त्याचा निवाडा झाला.

'नोटोरियस'चं मूळ लॅटिन, 'माहीत असलेला' एवढाच अर्थ. पूर्वी इंग्रजीत तो चांगल्या-वाईट दोन्हींना चालायचा, पुढे वाईटाकडेच झुकला. आपल्या 'नामचीन'चंही तेच झालं नाही का? हिंदी-उर्दूत नामचीन शायर असतो, मराठी बातमीत नामचीन गुंड. बारकावा असा की इन्फमस बहुतेक झालेल्या गोष्टीला लागतो, नोटोरियस चालू सवयीला. म्हणून 'नोटोरियस फॉर डिलेज' चालतं आणि 'नोटोरियसली डिफिकल्ट' म्हणजे नुसतं 'भलतंच अवघड'. एखाद्या वस्तीला नोटोरियस म्हटलं की तिथे राहणाऱ्या प्रत्येकाची सवयच तशी, असं न सांगता सांगून होतं.

इग्रीजसबद्दल एक सांगते, फार सुंदर आहे. लॅटिनमध्ये 'कळपातून बाहेर उठून दिसणारा'. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द स्तुतीचा होता. आज इग्रीजस एरर म्हणजे डोळ्यांवर येणारी, अक्षम्य चूक. इटालियनमध्ये मात्र अजून पत्राच्या मायन्यात आदराने 'एग्रेजियो' लिहितात.

बाकीच्यांवर मंडळींनी लिहावं. पेपरात, कोर्टात, कचेरीत काम करणारे इथे आहेत, तुमच्याकडचे अनुभव हवेत.


मुद्रितशोधक

बाई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी पेपरच्या डेस्कवर मुद्रितं तपासतो. तुमच्या विद्यार्थिनीने लिहिलं ते खोटं नाही, म्हणून आमच्या बाजूने सांगतो.

पोलिसांची प्रेसनोट येते त्यात विशेषणं आयती असतात. 'सराईत गुन्हेगार', 'अट्टल घरफोड्या', 'कुख्यात टोळी'. रात्री अकराला पान सोडायचं असतं, कॉपी तशीच जाते. 'सराईत' म्हणजे त्याच्यावर आधीचे गुन्हे दाखल आहेत, एवढंच पोलिसांना म्हणायचं असतं. दाखल आणि सिद्ध यांत किती अंतर आहे ते वकीलसाहेब सांगतील. आणि मग प्रेसनोटमधलं माणसाचं विशेषण बातमीच्या मथळ्यात त्याच्या पत्त्याला चिकटतं. 'अमुक भागातील सराईत' हे 'अमुक भागातले सगळे सराईत' असं वाचलं जातं. मी मथळ्यातून वस्तीचं नाव काढायला लागलो आहे. घटना जिथे घडली ते ठिकाण द्यावं, आरोपी कुठला ते मथळ्यात कशाला?

इंग्रजी एजन्सीच्या बातम्यांतला आणखी एक शब्द : 'डॅस्टर्डली अटॅक'. आम्ही 'भ्याड हल्ला' लिहितो आणि वाचक विचारतात, एवढा भयानक हल्ला, त्यात भ्याड काय? 'डॅस्टर्ड' म्हणजे पूर्वी नुसता भित्रा. निःशस्त्र माणसावर, पाठीमागून, लपून वार करणारा तो डॅस्टर्डली. म्हणजे भ्याड बरोबरच आहे. पण समोरासमोर झालेल्या हाणामारीलाही हा शब्द लावला जातो, ते चूक.

आणि 'हीनस' नव्हे, 'हेनस' (म्हणजे अत्यंत घृणास्पद), हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आपल्याकडे 'हीन'मुळे सगळे 'हीनस' म्हणतात. त्याचा हीनशी काही संबंध नाही, जुन्या फ्रेंचमधल्या द्वेषाच्या शब्दावरून आला आहे.


बाळीवेस_वकील

दाखल आणि सिद्ध यांतलं अंतर म्हणजे अख्खा खटला. गुन्हा दाखल झाला म्हणजे कुणीतरी आरोप केला आणि पोलिसांनी नोंदवला. 'सराईत' छापताना हे लक्षात ठेवाल तर उपकार होतील. अनेक अशिलांची नोकरी निर्दोष सुटण्याआधीच गेलेली पाहिली आहे.

आता कोर्टातली विशेषणं. साधारणपणे कायदा ती टाळतो. चोरीच्या व्याख्येत 'नीच', 'घृणास्पद' काही नाही. तिथे 'डिसऑनेस्टली' आहे, आणि त्याचा अर्थ लाजेशी जोडलेला नाही : एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या हेतूने. १८६० च्या दंडसंहितेत हीच व्याख्या होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तीच आली. किती वाईट वाटलं हे कायदा विचारत नाही, हेतू काय होता हे विचारतो.

अपवाद 'हेनस'चा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तो चक्क मोजमापाचा शब्द आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं किंवा त्याहून जास्त कैद सांगितली आहे तो 'हेनस'. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर असा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक पडताळणी करून त्याचा खटला प्रौढांसारखा चालावा का, ते ठरवतं. एका विशेषणावर पोराचं आयुष्य टांगलेलं! मग ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा सात वर्षांच्या वर आहे पण किमान शिक्षा सांगितलेलीच नाही, तो हेनस की नाही? शिल्पा मित्तल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, नाही, तो 'सीरियस' धरायचा. रोजच्या इंग्रजीत हेनस आणि सीरियस यांत भावनेचा फरक आहे, इथे 'किमान' या शब्दाचा.

दुसरीकडे फाशीच्या प्रकरणांत विशेषणांची रांग लागते. १९८० च्या बचन सिंग निकालाने 'दुर्मिळातील दुर्मीळ' ही कसोटी दिली. १९८३ च्या माछी सिंग निकालात ती उलगडताना न्यायालयाने खून करण्याच्या पद्धतीसाठी शब्द वापरले : ब्रूटल (क्रूर), ग्रोटेस्क (विकृत), डायबॉलिकल (राक्षसी), रिव्होल्टिंग (किळसवाणी), डॅस्टर्डली. बघा, पाचही शब्द पद्धतीला लावले आहेत, आरोपीच्या जातीला किंवा पेठेला नाहीत. बाई म्हणतात ते ठिकाण हेच.

'मॉरल टर्पिट्यूड' हे विशेषण नाही, नाम आहे, पण सोलापुरात त्याचा चटका अनेकांना बसला आहे. मराठीत 'नैतिक अधःपतन'. वकिलांच्या कायद्यात अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्याची, सुटकेनंतर दोन वर्षं होईपर्यंत, सनदेसाठी नोंदणी होत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, नोकरीच्या ओघात असा गुन्हा केला म्हणून काढलेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी जप्त करता येते. पण टर्पिट्यूड म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठेच बांधून दिलेलं नाही. गिरणीतून टॉवेलचा तुकडा नेला म्हणून काढलेला कामगार आणि हिशोबात लाखोंचा घोळ घातलेला मॅनेजर, दोघांना हाच शब्द लागू शकतो. मी कामगारांच्या बाजूने उभा राहतो तेव्हा निम्मा युक्तिवाद या एका शब्दावर जातो.

अजून एक उपयोगी शब्द, 'अनकॉन्शनेबल'. १८७२ च्या करार कायद्यात, कलम १६ मध्ये आहे. वरचढ माणसाने केलेला व्यवहार सकृद्दर्शनी असा, म्हणजे सदसद्विवेकाला न पटणारा, दिसला, तर दबाव टाकला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. सावकारीच्या प्रकरणात ज्यांना गरज पडेल त्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. याच्यासारखं गरिबाच्या कामाला येणारं विशेषण दुसरं नाही.


टेम्सकाठी_सोलापूरकर

इकडे इंग्लंडात राहून बरीच वर्षं झाली. शाळकरी पोरांच्या तोंडचं सांगतो. 'विकिड' असं म्हणायचं, दोन अक्षरं, 'विक्ड' नव्हे. तसंच 'रेचिड' (केविलवाणा). विकिडचा अर्थ दुष्ट, पण बोलण्यात 'एकदम भारी' असाही होतो, निदान माझ्या वयाच्या लोकांत. 'विकिड सेन्स ऑफ ह्यूमर' म्हणजे खट्याळ, तिरकस विनोदबुद्धी, त्यात शिवी नाही. लेखी परीक्षेत मात्र हा अर्थ नको.

'ॲट्रोशस'चं विशेष वाटतं. मूळचा शब्द अघोरी क्रौर्याचा, पण इथे हवा ॲट्रोशस असते, अक्षर ॲट्रोशस असतं. 'ॲट्रॉसिटी' हे नाम मात्र मवाळ झालं नाही, ते अजून युद्धातल्या कत्तलींसाठीच. आपल्याकडे तर १९८९ च्या कायद्यामुळे ॲट्रॉसिटी हा गावोगावचा शब्द आहे. म्हणून मुलांना सांगा, ॲट्रोशस मर्डर लिहू नका, मिळमिळीत वाटतं. ब्रूटल किंवा हेनस लिहा.

आणि बोलताना कुणीही कुणाला 'यू आर नेफेरियस' म्हणत नाही. नेफेरियस म्हणजे कुटिल, तो हेतूला, बेताला, धंद्यांना. तोंडावर म्हणायचं तर 'दॅट्स आउट ऑफ ऑर्डर' म्हणतात. म्हणजे मर्यादा सोडलीस. त्यातही बोट माणसाकडे नाही, त्या वागण्याकडे.


पूर्वभागातली

आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी. एक सांगू का, बाई? आमच्याकडे रागावताना विशेषण वापरतच नाहीत, प्रश्न विचारतात. आई म्हणायची "सिग्गु लेदा?", शेजारच्या अव्वा म्हणायच्या "नाचिके इल्लवा?", आणि शाळेत बाई म्हणायच्या "लाज नाही वाटत?" तिन्ही भाषांत एकच. प्रश्न असला की समोरच्याला उत्तर द्यायला, मान खाली घालायला, सुधारायला जागा राहते. 'निर्लज्ज आहेस' म्हटलं की बोलणंच संपलं.

इंग्रजीत असा प्रश्न आहे का?


अक्कलकोट_रोड

@पूर्वभागातली, आहे. 'हॅव यू नो शेम?' तंतोतंत तोच प्रश्न. आणि 'यू शुड बी अशेम्ड ऑफ युवरसेल्फ' हे त्याचं विधान. तुम्ही म्हणता ते अगदी खरं, दोन्हींत लाज वाटेल ही आशा शिल्लक आहे. 'शेमलेस'मध्ये ती सोडलेली आहे. हे मला सुचलं नव्हतं, उद्याच वर्गात सांगते.

वकीलसाहेब, 'अनकॉन्शनेबल' माझ्या यादीत घेतला.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये राहिली. या शब्दांपैकी पुष्कळ मुळात वाईटपणाचे नव्हतेच, गरिबीचे होते. 'व्हिलन' म्हणजे जमीनदाराच्या शेतवाडीवर राबणारा मजूर. 'व्हाइल' म्हणजे स्वस्त, कमी किमतीचा. 'मीन' म्हणजे सामान्य, 'बेस' म्हणजे खालचा, 'व्हल्गर' म्हणजे सर्वसाधारण लोकांचा, 'इग्नोबल' म्हणजे खानदानी नसलेला. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी शेतमजुराच्या नावाचं खलनायकाचं नाव केलं. उलट 'नोबल' आणि 'जेंटल' हे शब्द चांगल्या घरात जन्मल्याचे होते, ते सद्गुणाचे झाले. आपण इंग्रजांना नावं ठेवायला नकोत. नीच, हलका, हीन, गावंढळ, हे आपलेही शब्द उंची आणि घराणं मोजणारेच. 'नीच' हे जातीलाही म्हटलं गेलं, कृत्यालाही. मी वर्गात हे स्पष्ट सांगते. मुलांपैकी कितीतरी जणांच्या आजी-आजोबांनी हे शब्द स्वतःबद्दल ऐकलेले असतात.


सेटलमेंटचा_पोरगा

बाई, आजपर्यंत नुसतं वाचत होतो, पण आता लिहितोच.

मी सेटलमेंटमधला. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कायद्यातले शब्द असे होते : एखादी जमात 'जामिनावर न सुटणारे गुन्हे पद्धतशीर करण्याच्या आहारी गेलेली' आहे असं सरकारला वाटलं, तर तिला क्रिमिनल जाहीर करायचं. इंग्रजीत 'ॲडिक्टेड'. दारूला लावतात तो शब्द अख्ख्या जमातीला लावला. पाळण्यातल्या लेकरालासुद्धा. 'क्रिमिनल' हे विशेषण कृत्याचं असतं ना? इथे जन्माला लावलं.

सोलापुरात मोठी सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणातली. आमचे आजोबा तिथून गिरणीत कामाला जायचे. आजी सांगायची, हजेरीला नाव पुकारलं की अंगात ताप असला तरी उठून उभं राहायचं. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. म्हणजे गुन्हेगार म्हणून डांबायचं आणि डांबल्यावर गुन्हा तयार करायचा. वागणूक चांगली दिसली तर कुंपणाबाहेर घर मिळायचं, त्याला म्हणायचे 'फ्री कॉलनी'. आजही आमच्या पत्त्यात ते नाव आहे. बँकेत फॉर्म भरताना कारकून विचारतो, फ्री म्हणजे काय हो, घरं फुकट मिळाली का? काय सांगायचं बे त्याला.

१९४९ साली अय्यंगार समिती नेमली, तिने कायदा रद्द करा म्हणून सांगितलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. आम्ही विमुक्त झालो, त्या दिवशी दरवर्षी विमुक्त दिन करतो. पण १९५९ मध्ये मुंबई सरकारने 'हॅबिच्युअल ऑफेंडर्स'चा कायदा आणला. जमातीचं नाव गेलं, 'सराईत' आलं. मुद्रितशोधक सर, तुमच्या प्रेसनोटमधला सराईत इथून चालत आलाय. कुठे चोरी झाली की पहिली गाडी आमच्याकडे येते, हे माझ्या लहानपणी कित्येकदा बघितलंय.

तुमच्या त्या मुलीला सांगा, निबंधात वस्तीचं नाव लिही आणि त्यापुढे खरं काय आहे ते लिही. किती घरं, कुणाचं काय काम, पाणी कधी येतं. विशेषण लावायची गरजच नाही.


बाळीवेस_वकील

@सेटलमेंटचा_पोरगा, तुमच्या पोस्टला हात जोडून नमस्कार.

एक भर घालतो, कायद्याच्या बाजूने दिलासा देणारी. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातीभेद घटनाबाह्य ठरवला. काही राज्यांच्या नियमावल्यांत भटक्या-विमुक्तांना जन्मतःच सवयीचे गुन्हेगार धरलं जात होतं. यापुढे 'हॅबिच्युअल ऑफेंडर' म्हणायचं तर राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच, आणि सिद्ध झालेल्या गुन्ह्यांवरून. जमातीवरून नाही. तुमच्याकडे कुणी पोलीस नुसत्या नावावरून चौकशीला आला, तर हा निकाल दाखवा. निकालाची प्रत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


मुद्रितशोधक

@सेटलमेंटचा_पोरगा, वाचलं. दोनदा वाचलं. आजच्या प्रेसनोटमध्ये 'सराईत' होता, संपादकांशी बोलून 'ज्याच्यावर याआधी गुन्हे दाखल आहेत असा संशयित' असं केलं. ओळ लांब झाली, कॉलममध्ये बसवायला त्रास झाला, पण बसवली.

चार हुतात्मा चौकातून रोज ऑफिसला जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. सरकारी दप्तरात त्यांना लावलेले शब्द काय असतील ते वेगळं सांगायला नको. म्हणून डेस्कवर नव्या पोरांना मी सांगतो, विशेषण कुणी दिलं ते आधी बघा.


टॉवेलवाला

नमस्कार बाई. धागा फार उंच गेला आहे, माझा प्रश्न व्यवहाराचा आहे, चालेल ना? आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना, एमआयडीसीत. परदेशी ग्राहकाने माल घेतला, सही-शिक्क्याची पोच आहे, आता पैसे द्यायला टाळाटाळ चालू आहे. फोन उचलत नाही. मुलाने मेल लिहिली आहे, त्यात 'युवर शेमफुल अँड फ्रॉड्युलंट बिहेवियर' असं आहे. पाठवू का? संताप झाला आहे हे खरं, कामगारांचे पगार तटले आहेत.


अक्कलकोट_रोड

चालेल काय, हाच तर खरा उपयोग.

पाठवू नका. संताप रास्त आहे, पण व्यापारी पत्रात 'शेमफुल' लिहिलं की समोरचा तुमच्या रागाला उत्तर देतो, बिलाला नाही. व्यापारी इंग्रजीत कडक शब्द म्हणजे 'अनॲक्सेप्टेबल'. आपल्याला तो मऊ वाटतो, पण त्यांना पुरेसा झोंबतो. त्याच्या आधीची पायरी 'डिसअपॉइंटिंग'. विशेषण वागण्याला न लावता उशिराला लावा : 'धिस डिले इज अनॲक्सेप्टेबल'. त्याच्याआधी बिलाचा नंबर, माल पोचल्याची तारीख, ठरलेली मुदत आणि आज किती दिवस वर झाले, हे चार आकडे. त्यांच्यानंतर विशेषणाला फार काम उरत नाही.

शेवटी एक ओळ : अमुक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर आम्ही पुढची कायदेशीर पावलं उचलू. तारीख घाला, 'लवकरात लवकर' नको.


बाळीवेस_वकील

बाईंशी सहमत. आणि 'फ्रॉड्युलंट' तर आधी काढा. तो रागाचा शब्द नाही, आरोप आहे. सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू होता, असा त्याचा अर्थ होतो, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. पैसे थकवणं वेगळं, फसवणूक वेगळी. उद्या दावा लावायची वेळ आली तर हीच मेल समोरचा वकील तुमच्याविरुद्ध वापरेल.

पोच, बिल, आधीच्या मेल, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. निर्यात विम्याचं संरक्षण घेतलं असेल तर त्यांना कळवायची मुदत असते, ती आजच बघा. पगाराचं काय करता येईल ते वेगळं बोलू, व्यनि केला आहे.